वैनगंगाकाठचे दिवंगत पोलीस सेवक

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत शेवटच्या पानांवर काळ्या चौकटीत दिवंगत बंधुभगिनींची नावे छापण्याचा परिपाठ आहे. वाचक मंडळी प्रथम विवाहेच्छु मुलामुलींची यादी पाहतात, नंतर देणगीदारांची, आणि स्मरणिका मिटण्यापूर्वी त्या काळ्या चौकटीपाशी क्षणभर थांबतात. नावापुढे गाव असते, वय असते आणि व्यवसाय एका-दोन शब्दांत असतो : शेती, शिक्षक, किराणा दुकान, पोलीस खाते. यंदा जुने अंक चाळीत असता ध्यानात आले की, शिक्षकांवर, प्रगतिशील शेतकऱ्यांवर, वसतिगृहासाठी झिजलेल्या कार्यकर्त्यांवर वेळोवेळी स्वतंत्र लेख आलेले आहेत. परंतु ज्यांच्या नावापुढे ‘पोलीस खाते’ एवढेच छापले गेले, त्यांच्याविषयी एक ओळही अधिक लिहिली गेलेली नाही.

असे का व्हावे, याचा विचार करता त्यात आपला दोष आहे तसाच त्यांच्या व्यवसायाचाही आहे, असे म्हणावे लागते. घरचा मुलगा पोलिसात लागला म्हणजे आपण पेढे वाटतो. पण तो रजेवर आला असता त्याचे काम कसे चालते हे कोणी विचारीत नाही, आणि तोही आपण होऊन सांगत नाही. जे पाहिले ते घरात सांगण्याजोगे नसते. शिक्षकाच्या मागे विद्यार्थी राहतात, वैद्याच्या मागे रोगमुक्त झालेले लोक राहतात. पोलीस शिपायाच्या मागे राहते ती सेवापुस्तिका, आणि तीही कोणत्या तरी कचेरीच्या कपाटात. ही उणीव सर्वस्वी भरून काढण्याइतकी सामग्री माझ्यापाशी नाही. परंतु गोसीखुर्द आणि पवनीच्या परिसरातील आपल्या कुटुंबांस ठाऊक असावा असा काही वृत्तान्त येथे एकत्र करीत आहे.

गोसीखुर्द हे नाव आज सर्व महाराष्ट्राच्या तोंडी आहे ते धरणामुळे. पवनी तालुक्यातील हे एक लहानसे गाव. खुर्द म्हणजे धाकटे, हे वाचकांस सांगावयास नकोच. वैनगंगेवरील येथील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, आणि इंदिरासागर असे त्याचे अधिकृत नामकरण झाले. १९८३ साली ३७२ कोटी रुपये खर्चाचा अंदाज धरलेल्या या योजनेचा खर्च पुढे अनेक पटींनी वाढला, २००८ साली ती राष्ट्रीय प्रकल्प ठरली, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील कित्येक गावे तिच्या जलाशयाखाली गेली. ज्या गावांची घरे, विहिरी आणि स्मशाने पाण्याखाली गेली, त्यांचा जुना इतिहास आता कागदांतच शोधावा लागतो. आणि हे कागद बहुतांशी लिहिले कोणी? येथेच पोलिसांचा आपल्या कुटुंबांशी असलेला एक जुना, विसरला गेलेला संबंध पुढे येतो.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली. त्याच साली पोलिसांचा कायदा झाला. तेव्हापासून भंडारा जिल्ह्यात सरकारी पोलिसांची ठाणी बसली. परंतु ठाणे कोठे आणि खेडी कोठे! मध्ये नदी, नाले, तलाव आणि जंगल. एका ठाण्याच्या हद्दीत शेकडो गावे. तेव्हा खेड्यातील बंदोबस्ताचा खरा भार होता तो दोन माणसांवर : मालगुजाराचा अथवा स्वतः मालगुजार असलेला मुकद्दम, आणि गावचा कोतवाल. मुकद्दमाने गुन्ह्याची वर्दी द्यावी, परक्या माणसावर नजर ठेवावी. कोतवालाने रात्री गस्त घालावी, साहेबाच्या मुक्कामाची व्यवस्था पाहावी, वाटाड्या व्हावे, आणि सर्व बातमी पायी चालत ठाण्यावर पोचवावी. कोतवालकी बहुधा महार समाजातील कुटुंबांकडे वंशपरंपरेने असे. त्यांस मोबदला मिळे तो धान्याच्या रूपाने, काही गावी नोकरीच्या जमिनीच्या रूपाने. ज्याला गावाच्या वस्तीत घर नव्हते तो सगळ्या गावाची राखण करीत होता, ही गोष्ट आपल्या समाजाच्या सभेत जातीजातींच्या उच्चनीचतेविषयी बोलताना स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

या कोतवालाचे आणखी एक काम होते आणि तेच आपल्या प्रस्तुत विषयाच्या गाभ्याचे आहे. गावात कोण जन्मले आणि कोण मेले याची बातमी तो ठराविक वारी ठाण्यावर घेऊन जाई. त्याच्यापाशी एक वही असे. त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे. मग मुकद्दम, पटवारी किंवा शाळामास्तर यांपैकी कोणीतरी त्या वहीत लिहून देई, आणि ठाण्यावरील मोहरीर ती नोंद सरकारी वहीत उतरवून घेई. नाव, बापाचे नाव, जात, वय, गाव, मृत्यू असेल तर कारण. मध्यप्रांतात जन्ममृत्यूची नोंद ही अशी पोलिसांच्या हातून होत असे. पुढे १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा आला आणि हे काम खेड्यांत ग्रामपंचायतींकडे स्थिरावले.

ज्या घरांतून मुलामुलींच्या जातपडताळणीसाठी धावाधाव झाली आहे, त्यांस ‘कोतवाल पंजी’ अथवा ‘कोतवाल बुक नक्कल’ हे शब्द नवे नाहीत. आपापल्या प्रवर्गाप्रमाणे १९५०, १९६१ किंवा १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेचा दाखला मिळत नाही, कारण आजोबा शाळेतच गेले नाहीत. जमिनीचा कागद मिळत नाही, कारण जमीन मालगुजाराची होती. अशा वेळी तहसीलीच्या अभिलेख कक्षातील पिवळ्या पानावर एक ओळ सापडते, आणि त्या एका ओळीवर नातवाचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश पक्का होतो. ती ओळ पाऊसपाण्यातून चालत आलेल्या कोणा कोतवालाने सांगितली आणि कंदिलाच्या उजेडात कोणा मोहरीराने लिहिली. आपण नकलेचे पैसे भरतो, कागद घडी करून खिशात ठेवतो आणि निघतो.

या नोंदींचा खरेपणा किती, असा प्रश्न कोणी विचारील. मृत्यूच्या कारणात दहापैकी सात ठिकाणी ‘ताप’ असेच आढळते, कारण कोतवाल काही डॉक्टर नव्हता. परंतु या व्यवस्थेची सर्वात कठोर परीक्षा झाली ती १९१८ च्या पावसाळ्यानंतर. इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीने हिंदुस्थानातील ज्या प्रांतांची अतोनात हानी केली, त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड अग्रभागी होते. त्या काळच्या आकड्यांविषयी पुढे १९२१ च्या खानेसुमारीच्या वेळी जे लिहिले गेले, त्यात एक विलक्षण कबुली आहे : नोंद झालेले मृत्यू प्रत्यक्षाहून कमी आहेत, कारण नोंद करणारी यंत्रणाच कोलमडली होती. कोतवाल आजारी पडले, मुकद्दम आजारी पडले, ठाण्यावरचे शिपाई आजारी पडले. मरणाची बातमी नेणाराच मेला, तर ती कोणी न्यावी? त्या वर्षीच्या वहीतील कोऱ्या जागा लिहिलेल्या ओळींइतक्याच बोलक्या आहेत, असे मला त्या पाहताना वाटले.

ठाण्याच्या अंतर्गत रचनेविषयी थोडे लिहितो. १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला होता. हे फ्रेझर आपल्याच मध्यप्रांतात दीर्घकाळ अधिकारी होते. पोलिसांच्या लाचखोरीवर व अडाणीपणावर या आयोगाने कडक ताशेरे ओढले आणि ठाण्याचा प्रमुख शिकलेला सब-इन्स्पेक्टर असावा, त्याला रीतसर शिक्षण द्यावे, असे सुचविले. त्यानंतर या प्रांतातील तरुण उमेदवार सागर येथील पोलीस शाळेत जाऊ लागले. सागर हे बुंदेलखंडातले; तेथून परतलेल्या आपल्याकडील माणसाची बोली निम्मी हिंदी झालेली असे, आणि ती जन्मभर तशीच राही. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला फौजदार म्हणतात त्याला आपल्याकडे ठाणेदार म्हणतात, ते या जुन्या प्रांताच्या वळणामुळेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले; ठाण्यावरील पाटी बदलली, हुकुमाची भाषा बदलली, सागरऐवजी नाशिकची वाट सुरू झाली, पण ठाणेदार हा शब्द टिकून राहिला.

आता एका अवघड प्रकरणाकडे वळणे प्राप्त आहे. ते टाळले असते तर लेख अधिक गोड झाला असता; पण तो खरा झाला नसता.

पवनीच्या नैर्ऋत्येस चिमूर आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे काय घडले हे विदर्भातील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेल्या त्या गावात मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला, आणि संतापलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई मारले गेले. मागाहून लष्कराने गावात शिरून स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यातील तुमसर येथेही पोलिसांच्या गोळ्यांनी देशभक्तांचे प्राण घेतले. हुतात्म्यांची स्मारके उभी राहिली, ती राहावयासच हवी होती. परंतु चिमूरला मेलेल्या त्या शिपायाचे काय करावे? वृत्तान्तांत अधिकाऱ्यांची नावे येतात. त्याचा उल्लेख पुष्कळदा ‘एक शिपाई’ एवढाच येतो. तो परकी सत्तेचा चाकर होता, हे खरे. तो पगारासाठी उभा होता आणि हुकूम मोडण्याचे धैर्य त्याला झाले नाही, हेही खरे. त्याचप्रमाणे तोही कोणत्या तरी खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि त्याच्या घरी त्या नागपंचमीला कोणीतरी वाट पाहत होते. मी त्याला हुतात्मा म्हणणार नाही. पण दिवंगतांच्या यादीतून त्याचे नाव खोडण्याचा अधिकार मला आहे, असेही मला वाटत नाही.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी जे बेचाळीस साली खात्यात होते, ते त्या वर्षाविषयी कधी बोलले नाहीत. माझे आजोबा, वडिलांचे वडील, त्यांपैकीच एक. मी लहान असताना शाळेतून ‘चले जाव’ चा धडा शिकून आलो आणि त्यांना विचारले, “आजोबा, तेव्हा तुम्ही कुठे होता?” ते म्हणाले, “ठाण्यावर.” मी पुन्हा विचारले तेव्हा ते उठून गाईला पाणी दाखवावयास गेले. त्यानंतर त्यांच्या हयातीत तो प्रश्न मी काढला नाही.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांतील व्यवस्था पालटली. १९५१ साली मालगुजारी गेली. १९६२ च्या कायद्याने वतनी पाटीलकी संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. तो वंशपरंपरेचा नव्हे, नेमणुकीचा. अल्प मानधनावर गावातील तंटे ठाण्यापर्यंत जाऊ न देणे हे त्याचे मुख्य काम, आणि ज्यांनी ते नीट केले त्यांची कीर्ती गावाच्या शिवेपलीकडे कधी गेली नाही. धरणाच्या पुनर्वसनात अशा किती पोलीस पाटलांची गावेच उठली. गाव विखुरले म्हणजे पोलीस पाटील हे पद कशाला लागते? काहींनी आपले दप्तर ठाण्यात जमा केले, काहींचे नव्या वसाहतीत ट्रंकेत पडून आहे. अशा ट्रंका ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, ही विनंती मी येथेच करून ठेवतो.

धरणाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. मोबदल्यासाठी व पुनर्वसनासाठी गेल्या काही दशकांत जे मोर्चे निघाले, त्यांत आपले आप्तच होते. आणि समोर बंदोबस्तास उभे असलेल्यांतही आपलीच मुले होती. मामा घोषणा देत आहे आणि भाचा काठी आडवी धरून उभा आहे, हे दृश्य मी स्वतः पाहिलेले आहे. संध्याकाळी दोघे एका पंगतीस जेवले. त्या जेवणात दोघांपैकी कोणी काही बोलले नाही, एवढेच.

वैनगंगा मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून आपल्या दारावरून जाते, आणि पुढे वडसा, आरमोरी ओलांडून चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा होते. चपराळ्यापाशी तिला वर्धा मिळते, तिची प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीला भेटते. या नदीच्या प्रवाहाबरोबर आपल्याकडील पोलिसांचीही एक पिढी खाली गेली. १९८० च्या सुमारास नक्षलवाद्यांनी त्या अरण्यात पाय रोवला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९९० साली तेथे सी-६० हे खास पथक उभे राहिले. शेती कोरडवाहू, हाताला दुसरे काम नाही, आणि धानाच्या एका पिकावर घर चालत नाही. अशा स्थितीत पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या कोणत्याही गावी आजही दिसतात. त्यांच्यापैकी कोणाला कोठे नेमणूक मिळेल याचा विचार आईबाप करीत असतील. मुले करीत नाहीत.

२००९ हे वर्ष गडचिरोली पोलिसांच्या इतिहासातील सर्वात काळे वर्ष होय. १ फेब्रुवारीस मर्केगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे १६, आणि ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानास पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. हत्तीगोटा येथे मृत झालेल्यांत महिला पोलीसही होत्या. ज्या समाजात मुलीने बाहेरगावी शिकावयास जावे की नाही यावर अद्याप बैठका होत होत्या, त्याच विदर्भातील मुली खांद्यावर बंदूक घेऊन त्या रानात चालत होत्या.

त्यानंतर दहा वर्षांनी, १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाची ध्वजवंदने सर्वत्र होत असताना जांभुळखेड्याची घटना घडली. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली होती. तिकडे निघालेले शीघ्र कृती पथक खासगी गाडीतून जात असता नाल्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि १५ पोलीस व गाडीचा चालक जागीच गतप्राण झाले. त्या पंधरांत तिघे आपल्या भंडारा जिल्ह्याचे होते : लाखनीचे भूपेश वालोदे, साकोली तालुक्यातील नितीन घोरमारे आणि लाखांदूर तालुक्यातील दयानंद शहारे. चौथे, अमृत भदाडे, हे नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील, म्हणजे धरणाच्या पल्याडचे शेजारी. कोण कोणत्या ज्ञातीचा याची चौकशी त्या दिवशी कोणी केली नाही, आणि या लेखातही ती मी करणार नाही. चालक हा पोलीस नव्हता. त्याने गाडी भाड्याने दिली होती व तो स्वतःच चाकावर बसला होता. सरकारी यादीत तो सोळावा येतो. माझ्या दृष्टीने तोही याच रांगेतला आहे.

पुष्कळांस ठाऊक नसेल की, २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत धारातीर्थी पडलेले हेमंत करकरे हे आपल्या विदर्भाच्या मातीत वाढलेले होते. त्यांचे शालेय शिक्षण वर्ध्यास झाले, अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९७५ साली नागपुरातून घेतली आणि १९८२ साली ते पोलीस सेवेत आले. चंद्रपूर येथे ते पोलीस अधीक्षक होते. जंगलात पडलेल्या वाळक्या लाकडांतून शिल्पे घडविण्याचा छंद त्यांना तेथे जडला होता. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ काठी असताना अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि ती सोडली नाही. त्यांच्या त्या पकडीमुळेच एक अतिरेकी जिवंत सापडला. ओंबळे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसात आलेले. दोघांसही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. दोघांची नावे रस्त्यांना आहेत, पुतळे आहेत, पुस्तके आहेत, आणि ते यथायोग्यच आहे.

परंतु माझे मन राहून राहून वळते ते ज्यांना कोणतेही चक्र मिळाले नाही अशांकडे. पोलिसातील बहुसंख्य माणसे गोळीने मरत नाहीत. ती रात्रपाळीने मरतात. अवेळी जेवण, अर्धवट झोप, सणाच्या दिवशी बंदोबस्त, आणि सेवानिवृत्तीनंतर दोन-चार वर्षांत हृदयविकार. मुलाच्या लग्नाला रजा मिळाली नाही म्हणून अक्षता पडताना गणवेशातच उभे राहिलेले एक हवालदार आपल्या ओळखीत आहेत. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला महापूर आला, गोसीखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले, भंडारा आणि पवनी परिसरातील वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा नावेतून म्हाताऱ्याकोताऱ्यांस बाहेर काढणाऱ्यांत शिपाई होते. तो कोरोनाचाही काळ होता. त्या २०२० व २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्र पोलीस दलातील तीनशेहून अधिक माणसे त्या रोगाने दगावली. त्यांच्या अंत्ययात्रेस चार माणसेसुद्धा जमू शकली नाहीत. साथीत नोंद ठेवणारेच प्रथम पडतात, हे १९१८ चे सत्य शंभर वर्षांनी पुन्हा प्रत्ययास आले.

दरवर्षी २१ ऑक्टोबर हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९५९ साली त्या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस सुरू झाला. जिल्हा मुख्यालयाच्या मैदानावर त्या दिवशी वर्षभरात देशात मृत झालेल्या पोलिसांची नावे वाचली जातात, बंदुका उलट्या धरल्या जातात. २०१८ साली दिल्लीत चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील दगडी भिंतीवर स्वातंत्र्योत्तर काळातील ३४ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. एकदा भंडाऱ्यास मी हा सोहळा पाहावयास गेलो होतो. पाहुण्यांच्या खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. नावे वाचणाऱ्या अधिकाऱ्यास दूरच्या प्रांतांतील आडनावे उच्चारताना अडखळावयास होत होते. तरी त्याने एकही नाव गाळले नाही.

त्या भिंतीवर माझ्या आजोबांचे नाव असण्याचे कारण नाही. ते घरी, खाटेवर वारले. आपल्या स्मरणिकेच्या काळ्या चौकटीत ‘पोलीस खाते’ या दोन शब्दांनिशी आले ते नाव त्यांचेच. शिपाई म्हणून लागले, अक्षर वळणदार म्हणून मोहरीर झाले आणि नोकरीचा बहुतेक काळ जिल्ह्यातील निरनिराळ्या ठाण्यांवर टेबलाशी बसून घालविला. कोणा दरोडेखोरास त्यांनी पकडल्याची कथा आमच्या घरात नाही. वह्या लिहिणे हेच त्यांचे काम.

काही वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या जातपडताळणीसाठी जुन्या नोंदी काढण्याचा प्रसंग आला. एका कचेरीत तीन महिने खेटे घातले. वही सापडत नाही, कसर लागली, नंतर या, अशी उत्तरे ऐकली. अखेर एका तरुण कारकुनाने कनवाळूपणाने गठ्ठे सोडून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, “काका, तुम्हीच पाहा.” पाने उलटता उलटता मला एकदम आजोबांचे अक्षर दिसले. शिरोरेघ सरळ, ‘ल’ ची शेपटी लांब, शाई काळी. पानेच्या पाने त्यांनी लिहिलेली. हैजा, ताप, देवी, ताप, बाळंतपण, ताप. मी माझे काम विसरून वाचीत बसलो.

१९३८ सालच्या एका पानावर एक मुलगी आहे. वय चार वर्षे. जात आमची. बापाच्या नावाच्या रकान्यात आजोबांचे स्वतःचे नाव. कारण : ताप. मला एक आत्या होती आणि ती लहानपणी गेली, एवढे घरात ऐकले होते. तिचे नाव मात्र मला त्या दिवशी प्रथम कळले. रीतीप्रमाणे ठाण्याच्या गावच्या कोतवालाने मोहरीरापुढे उभे राहून मृत्यूची बातमी सांगावयाची आणि मोहरीराने ती लिहावयाची. त्या सकाळी कोतवालाने काय सांगितले असेल आणि आजोबांनी कोणते प्रश्न विचारले असतील, हे मी कल्पनेने रंगवीत नाही.

त्याच पानावर तिच्या खाली आणखी चार नोंदी आहेत. अक्षर सर्व ओळींत सारखेच आहे.